बोटीच्या तळात इंजिन ऑइल सांडलंय. उपसायचं कसं, टाकायचं कुठं?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. जरा घाईचा प्रश्न आहे, म्हणून प्रस्तावना नाही.

दाभोळ खाडीत आमची जुनी लाकडी बोट आहे, ३६ फुटी, चार सिलेंडर डिझेल इंजिन. थोरला भाऊ मासेमारीला नेतो. परवा गावातल्या मिस्त्रीनं ऑइल आणि फिल्टर बदलून दिला. त्यानंतर बाहेर पडल्यावर ऑइल प्रेशरचा काटा खाली आला. भावानं लगेच इंजिन बंद करून दुसऱ्या बोटीच्या मागे दोर लावून बोट आणली. फळी उचलून बघतो तर चेंबरमधलं बहुतेक ऑइल इंजिनखाली तळात. अंदाजे आठ-दहा लिटर, आणि त्याखाली ग्लँडमधून (पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो ती जागा) झिरपलेलं खारं पाणी. पाणी उपसायचा पंप ऑटोवर होता, त्यामुळे थोडं खाडीत गेलंच. बोटीभोवती रंगीबेरंगी साय पसरलेली दिसतेय.

आमचा खलाशी म्हणतो, भांड्याचं लिक्विड ओता, झाडूनं ढवळा आणि रात्री ओहोटीला पंप मारून मोकळे व्हा, सगळे असंच करतात. भाऊ अर्धा तयार आहे. मी पुण्याहून फोनवर "थांब" म्हणून बसलोय, पण थांबून करायचं काय ते मलाही सांगता येत नाहीये. उद्या पहाटे निघून पोचेन. कुणी केलंय का हे?

मालवणी_खाजा

आधी तो पंप बंद करा. ऑटोवर नको नि म्यान्युअलवर पण नको. वायरच काढून ठेवा, नायतर रात्री पाणी वाढला की फ्लोट वर येतलो आणि तुम्ही झोपलेले असताना तो सगळां खाडयेत सोडतलो.

साबण घालून त्येल खंय जाणां नाय रे बाबा. दिसूचा बंद होता, इतक्याच.

डिझेलवाला

वायर काढा याला +१. पण ग्लँड गळत असेल तर नुसता पंप बंद करून बोट सोडून जाऊ नका, सकाळी बोट बसलेली मिळेल. ग्लँडचं पॅकिंग अर्धा फेरा आवळून घ्या (शाफ्ट फिरत नसताना थेंबही आला नाही तरी चालतो) आणि रात्री कुणीतरी बोटीवर झोपा.

दुसरं म्हणजे गळती शोधा. नव्या फिल्टरनंतर लगेच इतकं ऑइल गेलं याचं पहिलं कारण माझ्या मते एकच: जुन्या फिल्टरचं रबरी वायसर इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर त्याच्या वायसरासकट चढवला. दोन वायसर एकावर एक बसले की गावातल्या गावात चालवताना काही कळत नाही. बाहेर पडून रेस दिली की प्रेशर वाढतं आणि वरचं वायसर सरकतं. मग ऑइल पिचकारीसारखं उडतं. फिल्टर उघडून बघा आणि इथे सांगा.

आणि हो, भावाला सांगा की काटा बघून इंजिन बंद केलं म्हणून बेअरिंगं वाचली. नाहीतर हा धागा ऑइलचा नसता, क्रँकशाफ्टचा असता.

बांगडाप्रेमी

वाचतोय. माझ्याकडे बोट नाही, पण बांगड्याला रॉकेलचा वास मी एकदा खाल्ला आहे, त्यामुळे विषयात रस आहे.

वैतागवाडी

एक प्रामाणिक शंका. मुंबईच्या तोंडाशी दोन जहाजं आदळतात, शेकडो टन तेल समुद्रात जातं, पुढे कुणाला काय होतं ते आपल्याला कळत नाही. आणि इथे आठ लिटरसाठी एका माणसानं पुण्याहून रजा टाकून जायचं? बंदरात दीडशे बोटी रोज तळाचं पाणी मारतात. तुमच्या एका बोटीनं काय फरक पडणार?

रसायनी

वैतागवाडी, प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडेमोड करू. पाण्यावर तेलाचे इंद्रधनुष्यासारखे रंग दिसायला लागतात ते थर साधारण ०.३ मायक्रॉन जाड झाल्यावर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता एक लिटर तेल तेवढ्या जाडीनं पसरवा. ३३०० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ ३३ गुंठे. एका लिटरचे! आठ लिटरचे साडेसहा एकर. भर समुद्रात ते वारा-लाटांनी फुटतं, विरतं. खाडीत मात्र भरतीला आत जातं आणि ओहोटीला थोडंच बाहेर येतं. बाकीचं कांदळवनाच्या मुळांना आणि चिखलाला चिकटतं. त्याच चिखलात तुमच्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं आहेत, जी दिवसभर पाणी गाळूनच जगतात.

आता साबणाचं. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. त्यामुळे तेलाचा थर फुटून बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात मिसळतात. तेल तेवढंच राहतं, फक्त पृष्ठभागावरून खाली उतरतं. वर तरंगणारं तेल निदान गोळा तरी करता येतं. खाली उतरलेलं कुणालाच काढता येत नाही, आणि माशांच्या कल्ल्यांपर्यंत, कोळंबीच्या पिलांपर्यंत ते जास्त सहज पोचतं. शिवाय डिटर्जंट स्वतःच कल्ल्यांना घातक.

याचा मोठा धडा जगाला १९६७ मध्येच मिळाला आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ 'टोरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, लाखभर टनांहून जास्त कच्चं तेल सांडलं. त्यावर सुमारे १० हजार टन डिटर्जंट फवारलं गेलं. नंतर पाहणी केली तर खडकांवरचे शंख-शिंपले नुसत्या तेलानं मेले त्याहून जास्त, जिथे डिटर्जंट मारलं तिथे मेले होते.

सुकाणू

मी बत्तीस वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता निवृत्त. वैतागवाडींच्या "कुणाला काय होतं" यावर आधी.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, शिवाय कंटेनर पडले ते वेगळेच. तेल उरण, एलिफंटाच्या बाजूला कांदळवनात शिरलं. त्या दिवसांत मुंबईत लोक मासे घ्यायला घाबरत होते. म्हणजे फटका बसला तो तुमच्याच बांधवांना. जहाजाला विमा असतो, मासळीच्या पाटीला नसतो.

मोठ्या जहाजांना नियम काय आहे तेही सांगतो, कारण त्यातून तुमची पद्धत सुचते. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ४०० टनांच्या वरच्या जहाजानं तळाचं पाणी तेल-पाणी विभाजकातून काढून, त्यात तेल १० लाख भागांत १५ पेक्षा कमी असेल तरच चालत्या जहाजातून बाहेर सोडायचं. १५ भाग म्हणजे हजार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तेल. प्रत्येक वेळची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात. पळवाट काढणारे तिथेही आहेतच. विभाजकाला वळसा घालून थेट समुद्रात नेणाऱ्या नळीला आमच्यात 'मॅजिक पाइप' म्हणतात. प्रिन्सेस क्रूझेस या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत याच कारणासाठी ४ कोटी डॉलर भरावे लागले. सांगितलं कुणी? नव्यानं रुजू झालेल्या एका ज्युनिअर इंजिनीअरनं.

तर पद्धत. विभाजकात विशेष काही जादू नसते, पहिलं काम गुरुत्वाकर्षणच करतं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, तुमच्या इंजिन ऑइलची ०.८८ च्या आसपास. नुसतं शांत राहू दिलं तर तेल आपोआप वर येतं. म्हणून उद्या पोचेपर्यंत तळात कुणी झाडू फिरवू नका, साबण नको, इंजिन सुरू करून शाफ्ट फिरवू नका. ढवळलेलं तेल-पाणी एकदा दुधासारखं पांढरं झालं की वेगळं व्हायला फार वेळ घेतं. जितकं स्थिर, तितकं तुमचं काम कमी.

खाडीकाठचा

पंपाची वायर काढली, ग्लँड आवळली, भाऊ बोटीवर झोपला आहे. सर्वांचे आभार, विशेषतः सुकाणू काका. साबण रद्द. खलाशी रुसला आहे.

आता काढायचं कशानं? गावात ते पांढरे शोषक पॅड वगैरे मिळत नाहीत. ऑनलाइन मागवले तर यायला आठवडा.

बे_एरिया_अनु

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एका छोट्या शिडाच्या बोटीची एक-तृतीयांश मालकीण आहे, म्हणजे तिच्या खर्चाची पूर्ण मालकीण. इकडे हे पॅड मरीनात सहज मिळतात, काही ठिकाणी वापरलेलं देऊन नवं फुकट. मागवणार असाल तर एवढं बघा की पांढरे मागवायचे, फक्त-तेलवाले. ते पॉलिप्रॉपिलीनचे असतात, पाणी अजिबात घेत नाहीत, तेल घेतात आणि तरंगत राहतात. राखाडी रंगाचे सगळंच पितात. पाण्यानं भरून बसले की तेलाला जागा उरत नाही. सॉसेजसारखी गुंडाळीही येते, ती पंपाजवळ कायमची बांधून ठेवायला चांगली.

इकडचा कायदा फार सरळ आहे. पाण्यावर तवंग दिसला की गुन्हा, किती लिटर हा प्रश्नच नाही. आणि तवंग घालवायला साबण टाकला तर तो वेगळा गुन्हा. २६ फूट आणि त्याहून लांब बोटीत "तेल टाकण्यास मनाई" अशी पाटी इंजिनाजवळ किंवा पंपाच्या बटणाशी लावावीच लागते. आमची बोट २५ फुटी, तरी मागच्या मालकानं लावलेली आहे. बहुधा बायकोसाठी.

पाटलीणबाई

पॅड बिड कशाला? सावरीचा कापूस नाही का मिळत तुमच्याकडे? उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडं फुटतात, सगळीकडे कापूस उडत असतो. आमच्या वेसाव्याला सासऱ्यांच्या वेळी जुन्या सावरीच्या उशा बोटीवर असायच्या. डिझेल सांडलं की त्यावर दाबायची, पिळायची, परत दाबायची. तो कापूस पाण्यात टाकला तर बुडत नाही, भिजतही नाही पटकन.

रसायनी

पाटलीणबाई, अगदी बरोबर! सावरीच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो आणि तंतू आतून पोकळ. म्हणून पाणी झिडकारतो आणि तेल ओढतो, तेही स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट. पूर्वी जीवरक्षक जाकिटात हाच प्रकार भरत असत. साधा सरकी काढलेला कच्चा कापूसही चालेल, कारण त्यावरही नैसर्गिक मेण असतं. औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस मात्र नको. त्याचं मेण धुऊन काढलेलं असतं, तो आधी पाणी पितो.

लाकडाचा भुसा, भाताचं तूस हे पाणी उपसून झाल्यावर, कोरड्या फळीवरचं उरलेलं टिपायला. पाण्यात टाकलंत तर लगदा होईल आणि पंपाची जाळी तुंबेल. काथ्या मधला मार्ग आहे, पोत्यात बांधून टाकता येतो.

डिझेलवाला

माझ्या हातची रीत सांगतो. (मिरकरवाड्यात बोटीच्या इंजिनांचीच कामं करतो.)

भांगाचे दिवस (भरती-ओहोटी कमी असते ते) असतील तर उत्तम, बोट फार हलत नाही. उधाण असेल तर ओहोटीला बोट टेकू द्या. एका अंगाला कलली की सगळं त्या कोपऱ्यात येतं, उलट सोपं जातं.

दुपारी करा. १५डब्ल्यू४० ऑइल सकाळी गारठ्यात जाड असतं, उन्हानं पातळ होऊन पुढे सरकतं. तळातली आडवी लाकडं असतात ना, त्यांना पाणी पुढून मागे यायला खाली भोकं ठेवलेली असतात. त्यांत चिंध्या कोंबून आधी ती बंद करा, म्हणजे ऑइल पुढच्या माशाच्या खणाकडे जाणार नाही. बर्फाच्या खणात ऑइल गेलं तर पुढच्या चार फेऱ्यांचा माल वास मारेल.

मग वरून काढायचं, खालून नाही. चपटा डबा किंवा डस्टपॅन पाण्याला समांतर धरून हळू आत ओढा, वरचा थर येतो. चहाच्या पातेल्यावरची साय काढतो तसं. गाळण नाही लागत. हे २० लिटरच्या कॅनमध्ये. जाड थर संपला की सावरीचा कापूस मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत भरून वर तरंगत ठेवा, अधूनमधून उलटा, पिळा, परत ठेवा. पिळताना रबरी हातमोजे घाला. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही.

शेवटी खालचं पाणी हातपंपानं काढा, पण तेही कॅनमध्येच. खाडीत नाही. त्यात अजून ऑइल असतंच.

एक महत्त्वाचं राहिलं. हे डिझेल इंजिनाचं आहे म्हणून निवांत सांगतोय. कुणाच्या बोटीत पेट्रोल सांडलं असेल तर यातलं काही करू नका. आउटबोर्डवाल्यांनो, ऐका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळातच बसून राहते. पंपाचं, दिव्याचं, कसलंच बटण चालू-बंद करू नका, ठिणगी तिथेच पडते. विडी नको. माणसं उतरवा, सगळ्या फळ्या-झाकणं उघडा, वारा खेळू द्या आणि वास पूर्ण गेल्याशिवाय हात लावू नका.

वैतागवाडी

चला, उपसलं. ३३ गुंठ्यांचं मान्य. आता ते कॅन घेऊन जायचं कुठं? बंदरावर त्यासाठी काय सोय आहे? खरी गोम तिथेच आहे. काढा-काढा सगळे सांगतात, टाकायचं कुठं ते कुणी सांगत नाही. म्हणून माणूस रात्री ओहोटी बघतो.

खाडीकाठचा

हेच विचारायचं होतं. शेजारच्या बोटवाल्यानं सुचवलं की ते जुनं ऑइल बोटीच्याच लाकडाला बाहेरून मारा, वाळवी-किडा लागत नाही. गावात कुंपणाच्या खांबांना, गोठ्याच्या वाशांना सगळे लावतातच. आणि एक सेंटरिंगवाला स्लॅबच्या फळ्यांना लावायला मागतोय, पैसेही देतो म्हणतो.

निळाई

मी कारखान्यांच्या घातक कचऱ्याच्या परवानग्यांचं काम करते, म्हणून या भागात बोलते.

वापरलेलं इंजिन ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत पहिल्या अनुसूचीत ५.१ क्रमांकावर वापरलेलं तेल आणि ५.२ वर तेलानं माखलेला कचरा, म्हणजे तुमचा कापूस, चिंध्या, भुसा. घातक का? इंजिनात जळून-तापून त्यात धातूंचे कण आणि कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं जमा होतात. नवं ऑइल आणि जुनं ऑइल एकच नाही.

लाकडाला लावणं: खांबाला लावलेलं पहिल्या पावसात विहिरीकडे निघतं. बोटीला बाहेरून लावलेलं तर सरळ खाडीतच. मग रात्री पंप मारला असता तर काय बिघडलं असतं? हळूहळू सांडणं एवढाच फरक.

सेंटरिंगवाला: तो ऑइल फळीला लावतो, ते काँक्रीटला आणि मातीला लागतं, फळ्या शेवटी चुलीत जातात. कायद्यातही हे बसत नाही. माहीत आहे, सगळीकडे चालतं.

खरी वाट ही: वापरलेलं तेल हा कचरा असला तरी त्याला किंमत आहे, ते शुद्ध करून पुन्हा वंगणाचं मूळ तेल बनतं. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेले पुनर्प्रक्रियावाले असतात. एका बोटीच्या आठ लिटरसाठी ते दाभोळला येणार नाहीत हे उघड आहे. पण मोठी सर्व्हिस सेंटरं, एसटी आगार, ट्रकची गॅरेजं यांचं तेल बॅरलनं उचललं जातं. तुमच्या जवळ चिपळूण, खेड, लोटे. तिथल्या एखाद्या अधिकृत वाहन सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून विचारा की आमचं कॅन तुमच्या बॅरलमध्ये घ्याल का आणि तुमचं तेल कोण उचलतं. दुसऱ्या प्रश्नाला अडखळले तर पुढचं सेंटर बघा.

१ एप्रिल २०२४ पासून वंगण तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात वापरलेलं तेल पुनर्प्रक्रियेला पाठवायची जबाबदारी आली आहे. त्यामुळे गोळा करणाऱ्यांना आता पूर्वीपेक्षा जास्त गरज आहे. मच्छीमार सोसायटीनं २०० लिटरचं एक बॅरल ठेवलं तर उचलायला कुणीतरी येईल. आठ लिटरला येणार नाही.

पण तेल पाणी न मिसळलेलं हवं. पेट्रोल, थिनर, कूलंट तर थेंबभरही नको.

सुकाणू

निळाईताईंना जोडून. पाणी वेगळं करायला खाली तोटी असलेलं कॅन घ्या, पाण्याचं चालेल. भरा, सावलीत तसंच ठेवून द्या. पाणी खाली बसतं, तोटीतून बारीक धारेनं दुसऱ्या भांड्यात काढा, रंग बदलला की थांबा. वरचं ऑइल गॅरेजला. खालचं पाणी कापसाच्या जाड थरातून दोन-तीनदा गाळा आणि उथळ घमेल्यात उन्हात ठेवा, वर रंग दिसतोय तोवर पुन्हा टिपा. वीस-तीस लिटर पाणी असेल तर त्यातलं बरंचसं उडूनही जाईल. खाली राहील तो गाळ चिंध्यांबरोबर.

बांगडाप्रेमी

आणि माखलेला कापूस? आमच्याकडे शेजारी तो पाणी तापवायच्या बंबात घालतो. धूर असा की समोरची बिल्डिंग दिसत नाही.

निळाई

बंबात नकोच. धुरातून धातू तुमच्या घरात येतात. कारखान्यांचा असा माल तळोज्याला किंवा रांजणगावला घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात जातो, नाहीतर सिमेंटच्या भट्टीत. भट्टीचं तापमान इतकं असतं की तिथे तेल पूर्ण जळतं. तुमच्यासाठी व्यवहारी उपाय म्हणजे तो जितका पिळता येईल तितका पिळा, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा आणि त्याच सर्व्हिस सेंटरला द्या. त्यांचेही तेलकट बोळे आणि फिल्टर असतातच, त्याच खोक्यात जाईल. जुना फिल्टरही त्यांनाच द्या, पण आधी उपडा ठेवून रात्रभर निथळू द्या.

डिझेलवाला

तेलकट चिंध्या उन्हात बोळा करून ठेवू नका हो, आपोआप पेटतात. मी बघितलंय.

रसायनी

डिझेलवाला, इथे थोडा फरक आहे. इंजिन ऑइल खनिज तेल, ते सहसा आपोआप पेटत नाही. पेटतं ते वाळणारं तेल, म्हणजे जवसाचं, आणि बोटीच्या लाकडाला लावतात ते माशाचं. हवेतला प्राणवायू घेताना त्यातून उष्णता निघते. चिंध्यांचा बोळा घट्ट असेल तर ती बाहेर पडत नाही आणि आतल्या आत तापत जाते. तुम्ही बघितलेला बोळा रंगकामाचा असणार.

डिझेलवाला

हो, शाकारणीच्या (बोटीच्या डागडुजीच्या) वेळचाच होता. माशाचं तेल. बरोबर आहे तुमचं.

मालवणी_खाजा

अवांतर: जून-जुलैच्या बंदीत बोटी वर काढल्या की सगळे तळ धुतत, नि ता पाणी सगळा वाळूत. १ जून येवच्या आधी सोसायटीत ह्या ब्यारलाचा विषय काढा. मी आमच्याकडे काढतंय. कोण काय म्हणता ता सांगान.

खाडीकाठचा

काम झालं, म्हणजे बहुतेक.

डिझेलवाला, तुमच्या पाया पडतो. फिल्टर काढला तर दोन वायसर! जुनं तोंडाला चिकटून काळं झालेलं, नखानंही निघेना. मिस्त्रीला फोटो पाठवलाय, त्यानं निळी खूण केली आणि उत्तर दिलं नाही.

डस्टपॅननं जवळजवळ सात लिटर निघालं. सावरीचा कापूस मावशीच्या माळ्यावरच्या दोन गाद्यांतून काढला. पाणी असताना त्यानं फक्त ऑइल उचललं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटलं नसतं. रुसलेला खलाशीच शेवटी पिशवी हातातून सोडेना. खेडच्या एका सर्व्हिस सेंटरनं कॅन आणि पिशव्या घ्यायचं कबूल केलंय, पाणी नसेल तर, या अटीवर. तेल कोण उचलतं विचारल्यावर त्यांनी पावतीच दाखवली.

आता दोन गोष्टी राहिल्या. तळाच्या फळ्या तेलकट आहेत, हात फिरवला तर चिकट लागतात. आणि बोटीबाहेर गेलेलं जे होतं ते?

सुकाणू

बाहेरचं आता गेलं. पहिल्या तासाभरात बोटीभोवती दोर आणि त्याला कापसाच्या पिशव्या बांधून वेढा घातला असता तर थोडं मिळालं असतं. पुढच्या वेळी कुणाचंही असं झालं आणि प्रमाण मोठं असेल, डिझेलची टाकी फुटली वगैरे, तर तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. समुद्रातल्या तेलगळतीचं काम आपल्याकडे त्यांचं आहे. तेल विरघळवणारी रसायनं मारायची परवानगीही तेच देतात, आणि खाडीसारख्या उथळ पाण्यात ती मारायचीच नसतात.

डिझेलवाला

फळ्यांना कोरडा भुसा चोळा, रात्रभर ठेवा, झाडून घ्या, परत नवा टाका. दोन-तीन वेळा केलं की बरंच ओढून घेतो. आता शेवटी साबणाचा हात फिरवायला हरकत नाही, पण बादलीत थोडंसं पाणी घेऊन ब्रशनं घासा, आणि ते धुवण कापडानं टिपून परत बादलीतच. पंपात नाही. फळीच्या सांध्यातला कापूस तेलकट झाला असेल तर या शाकारणीला तेवढा काढून नवा भरून घ्या, तेलकट सांध्यावर चंद्रूस (सांधे बुजवायची राळ) धरत नाही.

फायबरच्या बोटीला हे काहीच लागलं नसतं, एका पुसण्यात काम. पण ते तुमच्या भावाला सांगू नका.

बे_एरिया_अनु

आणि इंजिनाखाली एक ट्रे बसवून घ्या. इकडे जवळपास प्रत्येक बोटीत असतो. इंजिन गळलं तरी ऑइल ट्रेमध्येच राहतं, तळाच्या पाण्यात मिसळत नाही. मग हा सगळा खटाटोप एका कापडावर निभावतो.

खाडीकाठचा

ट्रेचं भावाला पटलं. पत्र्याचा करून घेऊ की फायबरचा? गावात पत्र्याचा लगेच होईल.

डिझेलवाला

फायबरचा. पत्रा खाऱ्या पाण्यात एक-दोन पावसाळ्यांत खाल्ला जातो. काठ चार बोटं उंच ठेवा, बोट कलल्यावर ओसंडू नये इतका. इंजिन उचलायला लागू नये म्हणून दोन तुकड्यांत करा, सांधा आतून फायबरनं बंद. आणि मिस्त्री म्हणेल की पाणी साचेल, मधे एक भोक ठेवू. ठेवू देऊ नका.